विंडोज ११ घेतल्यावर वजनकाटा, प्रिंटर आणि मराठी टायपिंग रुळावर कसं आणायचं

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. तारीख आली ती नेमकी कापसाच्या तोंडावर. जिनिंगवाल्यांना गाड्या मोजण्यातून सवड नव्हती, दुकानदार दिवाळीच्या गिऱ्हाइकात, तर सेवा केंद्रांवर दाखल्यांची रांग. त्यामुळे जळगाव, चोपडा, अमळनेर, शिरपूरकडचे बरेच जण आता एकेक करून विंडोज ११ कडे वळताहेत, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, "हाई काय व्हई गयं भो? काटाच दिखत नही."

अपग्रेड सहसा नीट होतं. विंडोज सुरू होतं, फायली जागच्या जागी असतात. अडतं ते संगणकाला वर्षानुवर्षं जोडलेल्या जुन्या सामानापाशी: काट्याची वायर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, डीएससीचं म्हणजे डिजिटल सहीचं टोकन, आधारसाठी अंगठा घेणारं थंबचं मशिन, कोणीतरी कधीतरी टाकून दिलेला मराठी फॉन्ट. म्हणून हा लेख विंडोजबद्दल कमी आणि त्याच्या गोतावळ्याबद्दल जास्त आहे.

आधी दिवस ठरवा

जीएसटीचं मासिक रिटर्न भरणाऱ्याने ११ आणि २० या तारखांच्या आसपास संगणकाला हात लावू नये. २१ तारखेनंतरचा दिवस बरा. जिनिंगवाल्याने हंगाम संपल्यावर, आणि मार्चअखेरीस तर कोणीच नाही.

वेळही बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या ऑफिसात दुपारी दोन वाजता धुळीने भरलेल्या सीपीयूवर दोन-तीन तास सलग ताण देणं शहाणपणाचं नाही. पहाटे किंवा रात्री करा, त्याआधी पंखा ब्लोअरने साफ करून घ्या. लाइट जाणार हे धरूनच चाला. साध्या इन्व्हर्टरवर बदलताना क्षणभर झटका बसतो आणि तेवढ्यात संगणक रीस्टार्ट होऊ शकतो, म्हणून मध्ये यूपीएस हवाच. त्याची बॅटरी किती मिनिटं टिकते ते आदल्या दिवशी वायर काढून पाहा.

डाउनलोड पाचेक जीबीचा असतो. ऑफिसात चार मशिन असतील तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये "डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन" चालू करून लोकल नेटवर्कचा पर्याय निवडा. एका मशिनने उतरवलेलं बाकीची मशिन्स त्याच्याकडून घेतात.

मशिन चालेल का, हे खरंखुरं तपासा

मायक्रोसॉफ्टचं "पीसी हेल्थ चेक" चालवलं की उत्तर मिळतं. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क एवढं लागतं. ४ जीबी हे कागदावरचं किमान आहे. टॅली आणि ब्राउझर एकत्र चालवायचं तर ८ जीबीच्या खाली जाऊ नका. टीपीएम नाही असं दाखवलं तर घाबरू नका. बऱ्याच मशिनमध्ये तो असतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डावर तो पीटीटी नावाने दिसतो, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावाने.

बायोसला हात लावण्याआधी डिस्क बिटलॉकरने लॉक केलेली आहे का ते बघा. असेल तर बायोसमधल्या बदलानंतर मशिन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते, पण ते अकाउंट कोणत्या ईमेलवर उघडलं होतं हे बहुतेकांना आठवत नाही. की आधी कागदावर उतरवा.

टीपीएम-प्रोसेसरची अट चुकवून विंडोज ११ घालून देणारे बाजारात पुष्कळ आहेत. घरच्या संगणकावर हौस म्हणून ठीक. हिशेबाच्या मशिनवर मी ते करत नाही, कारण अशा मशिनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशिनवर तर विंडोज ११ ची २४एच२ (२०२४ ची) आणि पुढच्या आवृत्त्या सुरूच होत नाहीत.

आणखी एक अडचण हेल्थ चेक सांगत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ६४ बिट विंडोजवर डॉसचे १६ बिट प्रोग्राम चालत नाहीत. आडत, डाळ मिल, किराणा होलसेलमध्ये फॉक्सप्रोतलं काळ्या पडद्याचं पॅकेज अजूनही कुठे कुठे जोरात चालू आहे. ते आजवर चाललं, कारण खाली ३२ बिट विंडोज होतं. असं पॅकेज असेल तर डॉसबॉक्ससारख्या प्रोग्राममध्ये ते चालवून, एक बिल काढून, एक खतावणी छापून बघा. चाललं तरच पुढे जा. ३२ बिटवरून थेट अपग्रेडही होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं.

सामानाची यादी आणि बॅकअप

एक वही घ्या आणि संगणकाला जोडलेली प्रत्येक वायर कुठे जाते ते लिहा. मग मोबाइलने फोटो काढा: डिव्हाइस मॅनेजरमधल्या (विंडोजमधली जोडलेल्या सामानाची यादी) पोर्टच्या नंबरांचा, काट्याच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा, प्रिंटरच्या कागदाच्या मापाचा, आयपी ॲड्रेसचा, कीबोर्डच्या यादीचा. या फोटोंनी नंतर तासन्‌तास वाचतात.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. टॅलीचा डेटा, काट्याच्या सॉफ्टवेअरचं पूर्ण फोल्डर, आउटलुकची पीएसटी (मेलची फाइल), ब्राउझरमधले पासवर्ड आणि सी ड्राइव्हच्या विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डर, हे सगळं त्यात हवं. फॉन्ट्स नेहमी विसरले जातात. फॉरमॅट मारून नव्याने टाकायचं असेल तर टॅलीचं लायसन्स आधी "सरेंडर" करा, नाहीतर नव्या विंडोजवर ते चालू करताना अडेल.

पहिला तास

अपग्रेड झाल्यावर लगेच धंदा सुरू करू नका.

आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं चिन्ह कुठे दिसतंय ते बघा. स्क्रीन फताडी, अक्षरं मोठी दिसत असतील तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते सामान चालवणारं सॉफ्टवेअर, गेलाय. नेट चालत नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. ते बहुधा कोणत्याही ड्रायव्हरशिवाय चालतं, आणि बाकीचे ड्रायव्हर त्यावरून उतरवता येतात. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकूनच घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरला मशिनवर घेऊ नका.

मग तारीख. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये रीजन अमेरिकेचं राहिलं तर ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, यावरून एक्सेल आणि तुमच्यात मतभेद सुरू होतात. वाईट म्हणजे १२ तारखेपर्यंत चूक लक्षातच येत नाही. "टाइम अँड लँग्वेज"मध्ये रीजनल फॉरमॅट इंग्लिश इंडिया ठेवा. मग आकडेही लाख-कोटीच्या स्वल्पविरामाने येतात. इंग्लिश इंडियाचा कीबोर्ड असेल तर उजवा ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्ह निघतं.

घड्याळ रोज सकाळी मागे जात असेल तर ते विंडोजचं काम नाही, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. बदलून टाका. घड्याळ चुकलं की बँकेची साइट उघडत नाही आणि आधारचा थंबही लागत नाही.

वजनकाटा

खान्देशात सगळ्यात जास्त अडचण इथे येते. जिनिंग असो, केळीचा काटा असो की डाळ मिलचा, काट्याचा इंडिकेटर (वजनाचे आकडे दाखवणारा डबा) जुन्या नऊ पिनांच्या सिरियल वायरवरून वजन पाठवतो. नव्या संगणकांना ते पोर्ट नसतं, म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर असतो. दोन-तीनशे रुपयांची ती निळी वायर हंगामात लाखोंचा माल अडवून ठेवू शकते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये "पोर्ट्स" उघडा. तिथे कन्व्हर्टरच्या नावाऐवजी "पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२" अशी ओळ दिसली तर वायर तुटलेली नाही. चिपच्या कंपनीने जुन्या चिपचा आधार काढून घेतलाय, आणि विंडोजने अपडेटमधून जो नवा ड्रायव्हर घेतला तो ही चिप नाकारतोय. यात जुन्या चिपच्या नकलाही आल्या, आणि बाजारात त्या भरपूर आहेत. तात्पुरता उपाय: त्या ओळीवर राइट क्लिक, "अपडेट ड्रायव्हर", "ब्राउज माय कॉम्प्युटर", मग "लेट मी पिक". यादीत जुन्या तारखेचा ड्रायव्हर असेल तर तो निवडा. पुढच्या अपडेटला विंडोज पुन्हा नवा टाकू शकतं. म्हणून मी सरळ एफटीडीआय कंपनीच्या चिपचा चांगला कन्व्हर्टर घ्यायला सांगतो. महाग पडतो, पण जिनिंगवर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा स्वस्त.

ड्रायव्हर बसला तरी वजन येत नाही? मग पोर्टचा नंबर बघा. पूर्वी कॉम १ होता, आता कॉम ७ झाला असेल, आणि सॉफ्टवेअर अजून कॉम १ वरच वाट बघतंय. पोर्टवर राइट क्लिक, "प्रॉपर्टीज", "पोर्ट सेटिंग्ज", "ॲडव्हान्स्ड", तिथे नंबर बदलता येतो. "इन यूज" असं दाखवलं तरी बहुतेक वेळा तो जुन्या, आता न जोडलेल्या वायरचा असतो. खात्री करून घ्या. जुनी सॉफ्टवेअरं ९ च्या पुढचा नंबर ओळखत नाहीत, तेव्हा १ ते ४ मध्येच ठेवा.

त्यानंतर बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग), पॅरिटी, डेटा बिट, म्हणजे इंडिकेटर आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे सारख्या लागणाऱ्या सेटिंग्ज. फोटो काढला असेल तर हे मिनिटाचं काम आहे. नसेल तर इंडिकेटरचं माहितीपत्रक शोधा किंवा काटेवाल्याला विचारा. पडद्यावर आकड्यांऐवजी वेडीवाकडी चिन्हं येत असतील तर बॉड रेटच चुकलाय. काहीच येत नसेल तर पोर्ट किंवा वायर.

वजन चालू झालं की दोन कामं करून टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या प्रॉपर्टीजमधल्या "पॉवर मॅनेजमेंट"मधली, वीज वाचवायला डिव्हाइस बंद करण्याची टिकमार्क काढा, नाहीतर जेवणाच्या सुट्टीनंतर काटा झोपलेला सापडेल. आणि वायर ज्या यूएसबीत आहे तिथे लाल टेप लावा. स्वस्त कन्व्हर्टर दुसऱ्या भोकात घातला की पोर्टचा नंबर पुन्हा बदलतो. झाडू मारणाऱ्या पोराला हे माहीत असायचं कारण नाही.

प्रिंटर

लेझर प्रिंटर बहुतेक सापडतात. त्रास देतो तो विंडोजचा आगाऊपणा: "लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर" चालू असलं की शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो, आणि बिल लेझरवर निघून पावती डॉट मॅट्रिक्सवर जाते. "प्रिंटर्स अँड स्कॅनर्स"मध्ये ते बंद करा. तिथेच "विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड" दिसला तर चालू करू नका, कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर त्यात चालत नाहीत.

डॉट मॅट्रिक्सवर अर्ध्या पानाचं बिल काढणाऱ्यांचं दुखणं ठरलेलं. पहिलं बिल बरोबर, दुसरं दोन इंच खाली, तिसरं थेट दुसऱ्या पानावर. कागद १० बाय ६ इंचांचा आणि विंडोज ए४ समजून पान पुढे सरकवतंय. "प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज"मध्ये त्या मापाचा नवा फॉर्म तयार करा, मग प्रिंटरच्या "प्रिंटिंग प्रेफरन्सेस"मध्ये आणि बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे तोच निवडा. एकीकडे निवडून भागत नाही. डॉस पॅकेजच्या साध्या अक्षरांच्या छपाईला "जेनेरिक टेक्स्ट ओन्ली" हा ड्रायव्हर पुरतो.

शेअर केलेला प्रिंटर ११बी किंवा ७०९ ने संपणारा एरर देत असेल तर बहुधा एका मशिनवर अपडेट आहेत आणि दुसऱ्यावर नाहीत. आधी दोन्ही अपडेट करा. रजिस्ट्रीत खोडसाळपणा करून सुरक्षा उतरवायचे व्हिडिओ ढिगाने आहेत, तिकडे शेवटी वळा.

मराठी

लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, वकिलांचे मसुदे करणारे इथे थबकतात. दोन अडचणी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली: फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ती फाइल कृतिदेव, शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये आहे आणि फॉन्ट मशिनवर उरला नाही. फाइल खराब झालेली नाही, ती "सेव्ह" करून बिघडवू नका. बॅकअपमधल्या फोल्डरातून फॉन्ट निवडा आणि राइट क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स" घ्या. नुसतं "इन्स्टॉल" केलं तर फॉन्ट फक्त त्या युजरच्या फोल्डरात बसतो आणि जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरांना बऱ्याचदा तो दिसत नाही. डोंगलवर (यूएसबीत लावायची लायसन्सची चावी) चालणाऱ्या पॅकेजला डोंगलचा नवा ड्रायव्हर वेगळा लागतो.

दुसरी: मराठी दिसते, पण पानं सरकली. सात पानी ठराव आठ पानांचा झाला. फाइल मंगलमध्ये टाइप केलेली, आणि नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता मुळात येतच नाहीत. त्यांच्या जागी निर्मला यूआय लागतो आणि ओळी बदलतात. "सिस्टिम"मधल्या "ऑप्शनल फीचर्स"मध्ये जाऊन "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" जोडा.

टायपिंगसाठी "लँग्वेज अँड रीजन"मध्ये मराठी जोडा. कीबोर्ड दोन प्रकारचे मिळतात: इनस्क्रिप्ट, आणि रोमन अक्षरांवरून मराठी करणारा फोनेटिक. विंडोज की आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना रेमिंग्टन हवं असतं. ते विंडोजमध्ये नाही, त्यासाठी सी-डॅक या सरकारी संस्थेची सॉफ्टवेअरं आहेत. नको असलेले कीबोर्ड यादीतून काढून टाका, नाहीतर बदलताना तीन वेळा फिरावं लागतं.

डीएससी आणि थंब

टोकन लावलं आणि सर्टिफिकेट दिसत नाही, की लोक टोकनच्या सॉफ्टवेअरमधली सगळी बटणं दाबतात. त्यातलं "इनिशियलाइज" कधीही दाबू नका. सर्टिफिकेट पुसलं जातं आणि नवीन काढावं लागतं. पासवर्डही अंदाजाने टाकत बसू नका, टोकन लॉक होतं. जुना ड्रायव्हर काढा, मशिन रीस्टार्ट करा, टोकन काढलेलं असताना नवा ड्रायव्हर टाका, मग टोकन लावा. जीएसटीसाठी एमसाइनर (पोर्टलवर डिजिटल सही करणारं सॉफ्टवेअर) "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर"ने सुरू करा.

थंबच्या मशिनला ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (अंगठा पोर्टलपर्यंत पोहोचवणारी) ही दोन वेगळी सॉफ्टवेअरं लागतात. दिवा लागतो पण पोर्टल "डिव्हाइस नॉट रेडी" म्हणतं, तेव्हा आरडी सर्व्हिस बंद असते. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ती चालू करा, स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक ठेवा. एखादा जुना ड्रायव्हर काही केल्या बसत नसेल तर विंडोज सिक्युरिटीतलं "मेमरी इंटिग्रिटी" त्याला अडवत असतं. ते बंद करता येतं, पण आधी कंपनीचा नवा ड्रायव्हर शोधा.

एखादं जुनं पोर्टल इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल, तर एजच्या सेटिंग्जमध्ये आयई मोडला परवानगी द्या आणि ती साइट यादीत टाका. नोंद ३० दिवसांनी संपते, तेव्हा महिन्याने पुन्हा "बिघडलं" तर चकित होऊ नका.

टॅली आणि नेटवर्क

दुसऱ्या मशिनवरून टॅलीचा डेटा दिसेनासा झाला तर पहिल्यांदा नेटवर्क "पब्लिक" झालंय का ते बघा. वायफाय किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये "प्रायव्हेट" करा. अर्ध्या वेळा काम तिथेच संपतं. तरी नाही दिसलं, तर तुमचं शेअरिंग बिनपासवर्डचं असणार. २४एच२ पासून अशा पाहुण्या प्रवेशाला विंडोज दारातूनच परत पाठवतं. सर्व्हरवर एक युजर आणि पासवर्ड तयार करा आणि बाकीच्या मशिनवर तो साठवून ठेवा.

नजरेची सवय आणि वनड्राइव्ह

स्टार्ट बटण मध्ये गेलंय, ते टास्कबारच्या सेटिंगमधून डावीकडे येतं. राइट क्लिकचा जुना मेनू शिफ्ट धरून मिळतो. वर्डपॅड गेलं ते परत येणार नाही. एवढं पुरे.

वनड्राइव्हकडे मात्र लक्ष द्या. "बॅकअप युवर पीसी"ला हो म्हटलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स त्याच्या फोल्डरात जातात. मोफत जागा ५ जीबी, ती दोन दिवसांत भरते, आणि डेस्कटॉपवर डेटा ठेवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा रस्ता चुकतो. वनड्राइव्हच्या "मॅनेज बॅकअप"मधून थांबवा आणि फायली मूळ जागी आल्या का ते तपासा.

पहिले एक-दोन दिवस मशिन संथ चालेल, मागे फायलींची नवी सूची बनत असते. आठवड्यानंतरही डिस्क शंभर टक्क्यांवर असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावा.

परत फिरायचं असेल तर

"सिस्टिम"मधल्या "रिकव्हरी"त "गो बॅक" हे बटण १० दिवस असतं. डिसम कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती १० दिवस संपण्याआधीच. तोपर्यंत "विंडोज डॉट ओल्ड" हे फोल्डर जागा खातंय म्हणून उडवू नका, परतीचा रस्ता त्यातच आहे. या मुदतीत खरं काम एकदा पूर्ण करून बघा: भरलेली गाडी मोजून पावती, एक बिल, एक डीएससीची सही, एक थंब, एक मराठी पत्र. परत गेलात तर फायली राहतात, अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअरं जातात.

ज्यांचं मशिन पात्रच नाही त्यांना विंडोज १० वरच वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. त्याला २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. आणि ज्या मशिनवर फक्त काटा चालतो, ते बदलायची घाई करूच नका. नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, रोजचा डेटा एका ठरावीक पेनड्राइव्हवर न्या आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कशालाही लावू नका.